घरचं उटणं, मलम आणि साबण: सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीच्या आधी महिनाभर आणि उन्हाळा लागला की माझ्याकडे तेच ते प्रश्न येतात. शेजारच्या वहिनी विचारतात, बचत गटातल्या बायका विचारतात, कॉलेजातल्या मुली फोटो पाठवून विचारतात. गेली कित्येक वर्षं मी उटणं, ओठांचं मलम आणि थोडाफार साबण घरी करते. चुकत चुकत जे कळलं ते इथे एकत्र लिहून ठेवते आहे.

घरी करायला सुरुवात कशापासून करू?

उटण्यापासून. त्यात पाणी नसतं, म्हणून ते नासत नाही. चूल पेटवावी लागत नाही, महागाचं काही लागत नाही आणि चूक झालीच तर फार तर वास कमी येतो. दुसरा नंबर ओठांच्या मलमाचा. क्रीम, लोशन, जेल हे सगळं नंतर. साबण सगळ्यांत शेवटी.

पाण्याचं इतकं काय? कोरफडीचं जेल तर किती सोपं आहे!

काढायला सोपं, टिकवायला अवघड. जिथे पाणी आहे तिथे जिवाणू आणि बुरशी वाढणार. ताक दुसऱ्या दिवशी आंबतं हे आपल्याला माहीत असतं, तरी कोरफडीचा गर बाटलीत भरून महिनाभर तोंडाला लावायला आपण तयार होतो. मी स्वतः एकदा कोरफड, गुलाबपाणी आणि बदामतेल घुसळून डबी भरली होती. आठव्या दिवशी झाकणाखाली काळे ठिपके दिसले. त्याआधीचे दोन दिवस मी ते गालाला लावत होते, कारण वरून काहीच दिसत नव्हतं. हेच लक्षात ठेवायचं आहे: डोळ्यांना दिसायच्या आधीच माल खराब झालेला असतो.

म्हणून माझा नियम साधा आहे. ज्यात पाणी, दूध, दही, फळाचा रस किंवा ताजा पाला आहे ते त्या दिवशीचं. उरलंच तर फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी संपवायचं, नाहीतर टाकायचं. कोरड्या पुडी आणि नुसत्या तेला-मेणाच्या वस्तू मात्र महिनोन्महिने टिकतात, फक्त त्यात ओला चमचा किंवा ओलं बोट जाता कामा नये.

‘व्हिटॅमिन ई घातलं की टिकतं’ असं बऱ्याच जणी सांगतात. व्हिटॅमिन ईमुळे तेलाला खवट वास लागायला उशीर होतो, एवढं खरं. बुरशी आणि जिवाणूंवर त्याचा काही उपयोग नाही. निंबोळी तेलाचे चार थेंब किंवा कापूर घालूनही पाण्याची वस्तू टिकत नाही.

उटण्याचं प्रमाण सांगाल का?

सांगते. साधारण २०० ग्रॅम होईल. मसुराच्या डाळीचं पीठ १०० ग्रॅम, आंबेहळद २०, गुलाबाच्या वाळलेल्या पाकळ्या १५, संत्र्याची वाळलेली साल १५, डाळिंबाची वाळलेली साल १५, नागरमोथा १०, वाळा १०, कपूरकाचरी १० आणि चंदनाची पूड ५ ग्रॅम. चंदन महाग वाटलं तर सोडून द्या. स्वस्तात मिळणारी ‘चंदन पावडर’ बहुतेक वेळा रंग आणि अत्तर मिसळलेला लाकडाचा भुसा असतो. तो घालण्यापेक्षा वाळा थोडा वाढवलेला बरा.

आपल्याकडचं ऊन हे या कामातलं सगळ्यांत मोठं भांडवल आहे. एप्रिलमध्ये गच्चीवर साली घातल्या की दोन दिवसांत कडकडीत होतात. पाकळ्या मात्र सावलीत वाळवा, नाहीतर रंग आणि वास दोन्ही उडतात. नागरमोथा आणि वाळा मिक्सरला दाद देत नाहीत. आधी खलबत्त्यात कुटा, मग दळा. शेवटी सगळं वस्त्रगाळ करायचं, म्हणजे पिठाच्या चाळणीतून नव्हे, तर सुती पातळ कापडातून. इथे कंटाळा केला की सालीची कुसं राहतात आणि ती त्वचा ओरबाडतात. आजी गाळलेली पूड दोन बोटांत चोळून कानाजवळ नेऊन ऐकायची. ‘आवाज आला तर अजून गाळ,’ म्हणायची. मी आजही तेच करते.

मसुराऐवजी ज्वारीचं पीठ चालतं. मंगळवेढ्याची मालदांडी घरात असतेच. ज्वारीचं पीठ मऊ पडतं, कोरड्या त्वचेला मसुरापेक्षा बरं, पण तेल कमी ओढतं. ज्यांना अभ्यंगाचं तेल नीट निघायला हवं त्यांनी मसूर घ्यावा.

बाजारातल्या उटण्याच्या यादीत बावची (एक औषधी बी) असते. ती का घालत नाही?

कारण आपण सोलापुरात राहतो. बावचीत सोरालेन नावाचे घटक असतात. ते त्वचेवर असताना ऊन लागलं की त्वचा भाजते, फोड येतात, नंतर महिनोन्महिने काळे डाग राहतात. कोडावरच्या उपचारात डॉक्टर याच गुणाचा वापर करतात, पण मोजून आणि देखरेखीखाली. नरक चतुर्दशीला पहाटे उटणं लावून सकाळी उन्हात फटाके उडवणाऱ्या पोरांच्या अंगावर तो प्रयोग नको.

लिंबू लावलं तर टॅन जातं ना?

कृपा करून लावू नका. माझ्या नणंदेनं मे महिन्यात मानेला लिंबू चोळलं आणि स्कूटीवरून बाजारात गेली. संध्याकाळी मान लाल, दुसऱ्या दिवशी पाण्यानं भरलेले फोड, आणि नंतर लिंबाचा रस जसा ओघळला होता अगदी तशा आकाराचा काळा पट्टा. तो जायला दिवाळी उजाडली. लिंबाच्या सालीत आणि रसातही बावचीसारखेच ऊन लागल्यावर भाजणारे घटक असतात. त्यात लिंबाचा रस फार आम्ल, पीएच (आम्लपणा मोजायचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) दोनच्या आसपास, आणि आपली त्वचा असते साधारण पाचच्या आसपास. खायचा सोडा उलट्या टोकाला, आठच्या वर. लिंबू, सोडा, टूथपेस्ट या तिन्ही गोष्टी चेहऱ्याच्या त्वचेपासून लांब ठेवा. लिंबू सरबतात घाला, उन्हाळ्यात तिथेच त्याची गरज असते.

मग उटण्यातली संत्र्याची साल चालते?

वाळवलेली, थोडी, आणि धुऊन टाकायच्या वस्तूत चालते. लावून तसंच उन्हात जायचं नाही.

डाळिंब आपल्याकडे एवढं पिकतं. त्याचं काय काय करता येईल?

हा माझा आवडता प्रश्न आहे. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्या केगावला आहे, सांगोल्याच्या बागा सगळ्यांनी पाहिल्या आहेत. आणि घरोघरी दाणे काढून साल आपण कचऱ्यात टाकतो.

सालीत टॅनिन भरपूर असतं. टॅनिन म्हणजे तो तुरटपणा, जीभ आवळल्यासारखी होते तो. त्वचेवरही तसंच होतं: तेलकट त्वचा थोडा वेळ आवळल्यासारखी, कोरडी वाटते. म्हणून तेलकट चेहऱ्याला सालीची पूड ठीक, कोरड्या चेहऱ्याला उटण्यातल्या थोड्या प्रमाणापलीकडे नको. सालीतून पिवळट तपकिरी रंग उतरतो, कापड रंगवायला तो पूर्वापार वापरतात. त्यामुळे पांढरा टॉवेल जवळ ठेवू नका.

एक गोष्ट मात्र जपायची. डाळिंबावर तेल्या रोग पडतो, आणि तो आटोक्यात ठेवायला शेतकऱ्याला फवारण्या कराव्या लागतात. फवारा सालीवरच बसतो. ओळखीच्या बागेतली, कमी फवारणीची फळं मिळाली तर उत्तम. नाहीतर फळ कापायच्या आधी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, आणि शंका असेल तर साल वापरूच नका.

डाळिंबाच्या बियांचं तेल घरी निघत नाही. बियांत तेल थोडं असतं आणि ते काढायला यंत्र लागतं. मिक्सरमधून फिरवलेल्या बिया खोबरेलात उकळणं म्हणजे बियांचं तेल नव्हे.

तेल कोणतं घेऊ? सगळे बदामतेल म्हणतात.

बदामतेल वाईट नाही, पण आपल्या दारात करडई आहे. सोलापूर हा करडईचा जुना मुलूख. पारंपरिक करडईच्या तेलात लिनोलेइक आम्ल (तेलातला एक स्निग्ध घटक) सत्तर टक्क्यांच्या आसपास असतं. ते तेल हलकं असतं, चिकटत नाही, चेहऱ्याला सोसतं. लाकडी घाण्यावरून शंभर-दोनशे ग्रॅमच आणायचं. हे तेल लवकर खवट होतं आणि आपल्याकडे स्वयंपाकघराचा ओटासुद्धा मे महिन्यात तापलेला असतो. गडद बाटली, बंद कपाट, आणि दीड-दोन महिन्यांत संपवायचं. भांडं उघडल्यावर जुन्या शेंगदाण्यासारखा वास आला तर ते दिव्याला वापरा, अंगाला नाही.

अंगाला तीळतेल, डोक्याला खोबरेल. टाचांना कोकणातलं कोकम तेल, म्हणजे मुठेल. ते गोळ्याच्या रूपात येतं, अंगाच्या उष्णतेजवळ जाऊन विरघळतं, आणि भेगांवर त्यासारखं दुसरं काही मी पाहिलं नाही.

ओठांचं मलम उन्हाळ्यात पातळ होतं. काय चुकतं?

तुमचं काही चुकत नाही, कृती थंड गावची असते. खोबरेल तेल साधारण २४ अंशांना वितळतं. आपल्याकडे थंडीतल्या काही सकाळी सोडल्या तर ते बाटलीत पातळच असतं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा नुसत्या तेलावर आणि मुठेलावर मलम उभं राहू शकत नाही. आधार मधमाश्यांच्या मेणाचा, ते साधारण ६२ ते ६४ अंशांना वितळतं.

माझं हिवाळ्यातलं प्रमाण असं: मेण २० ग्रॅम, मुठेल २०, करडई किंवा तीळतेल ६०. उन्हाळ्यात मेण २५ आणि तेल ५५. एका पातेल्यात पाणी गरम करा, त्यात स्टीलची वाटी ठेवा, वाटीत आधी मेण, ते विरघळलं की मुठेल, शेवटी तेल. थेट आचेवर ठेवू नका. सगळं एकजीव झालं की थंड ताटलीवर एक थेंब टाका. दोन मिनिटांत गोठेल, तो बोटानं चोळून बघा. कडक वाटला तर तेल, मऊ वाटला तर मेण. डब्या भरून ठेवल्यावर पुन्हा वितळवण्यापेक्षा हे आधी केलेलं चांगलं.

मोजायला चमचे घेऊ नका. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा घ्या. स्वयंपाकघरातही उपयोगी पडतो.

मेण घेताना बघा. मेणबत्तीचं मेण ते नव्हे; ते पॅराफिन. मधमाश्यांच्या मेणाला मधाचा मंद वास येतो आणि ते पिवळसर असतं.

बोअरच्या पाण्यानं अंग पांढरं पडतं, खाज येते. घरचा साबण वापरला तर थांबेल?

पूर्ण नाही. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, मधल्या दिवसांत अनेक घरं बोअरवर असतात, आणि ते पाणी जड असतं. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून एक न विरघळणारा साका तयार होतो. बादलीच्या कडेला दिसतो तोच त्वचेवरही बसतो. साबण घरचा असो की दुकानातला, साका होणारच, कारण दोन्ही साबणच आहेत.

उपाय वेगळा आहे. रोज सगळ्या अंगाला साबण लावू नका. काख, जांघा, पाय एवढ्यालाच पुरे. बाकी अंगाला मसूर किंवा ज्वारीचं पीठ. पिठाचा साका होत नाही. शेवटचा तांब्या नळाच्या साठवलेल्या पाण्याचा घ्या. आणि पुसताना घासू नका. आपले सोलापुरी टॉवेल पाणी छान शोषतात, नुसते टेकवले तरी पुरतं. अंग दमट असतानाच तेलाचे चार थेंब हातावर घेऊन लावा. कोरड्या अंगावर तेल लावलं तर ते वरच राहतं, आत अडवायला पाणीच नसतं.

ग्लिसरीन आणि गुलाबपाणी?

चालतं, पण नुसतं ग्लिसरीन नको. ग्लिसरीन पाणी ओढतं. मुंबईच्या दमट हवेत ते हवेतून ओढतं, आपल्या कोरड्या हवेत ते तुमच्याच त्वचेतून ओढू शकतं. एक भाग ग्लिसरीनला सहा-सात भाग गुलाबपाणी, ओल्या चेहऱ्यावर, आणि वरून तेलाचा पातळ हात.

मुलतानी माती आठवड्यातून कितीदा?

तेलकट चेहरा असेल तर एकदा. कोरडा असेल तर नाहीच. आणि पूर्ण वाळून तडे जाईपर्यंत ठेवू नका. ओलसर असतानाच धुवा.

घरी साबण करायचा आहे. कॉस्टिक सोड्याशिवाय होतो का?

नाही. तेल आणि कॉस्टिक मिळूनच साबण होतो. ‘कॉस्टिकशिवाय’ म्हणून जो मिळतो तो कुणीतरी आधीच केलेला साबणाचा पाया वितळवून साच्यात ओतलेला असतो. नवख्या माणसानं तोच करावा, त्यात कमीपणा काही नाही.

खरा साबण करायचा असेल तर हे समजल्याशिवाय हात घालू नका. प्रत्येक तेलाला लागणारं कॉस्टिक वेगळं. १०० ग्रॅम खोबरेलाला साधारण १८ ग्रॅम, करडईला साधारण १४ ग्रॅमच. म्हणजे खोबरेलाच्या कृतीत ‘घरात होतं म्हणून’ करडई घातली तर चार ग्रॅम कॉस्टिक साबणात मोकळं राहतं आणि ते कातडी जाळतं. हिशोब करून पाचेक टक्के कॉस्टिक कमीच घालायचं असतं, म्हणजे थोडं तेल शिल्लक राहतं.

कॉस्टिक पाण्यात घालायचं, कॉस्टिकवर पाणी कधीच ओतायचं नाही. उसळून तोंडावर येतं. ॲल्युमिनियमचं भांडं चालत नाही. कॉस्टिक त्याला खातं आणि त्यातून पेट घेणारा हायड्रोजन वायू सुटतो. स्टील किंवा जाड प्लास्टिक घ्या. डोळ्यांना चष्मा, हातमोजे, पूर्ण बाह्या, उघडी खिडकी. मुलं घरात नसतील अशी वेळ निवडा. अंगावर उडालंच तर व्हिनेगर शोधत बसू नका, वाहत्या पाण्याखाली धरून ठेवा. डोळ्यांत गेलं तर धुता धुताच दवाखाना गाठायची तयारी करा. वड्या पडल्यावर चार ते सहा आठवडे हवेवर वाळवायच्या, मगच वापरायच्या.

घरी सनस्क्रीन करता येईल?

नाही. गाजराच्या बियांचं तेल, खोबरेल, झिंकची पूड मिसळलेलं मलम, यांतलं काहीही उन्हापासून किती वाचवतं ते घरी मोजता येत नाही, आणि पूड सगळीकडे सारखी पसरत नाही. सनस्क्रीन विकतच घ्या. सोबत डोक्यावरून सुती ओढणी किंवा पंचा घ्या. दुपारी बारा ते चारमध्ये घराबाहेरची कामं ठेवू नका, हे सोलापुरात कुणाला वेगळं सांगायला नको.

हळद कोणती? स्वयंपाकातली चालेल?

चालते, पण डाग राहतो. आंबेहळदीचा डाग कमी. पूड विकत घेण्यापेक्षा अख्खी हळकुंडं आणून घरी कुटा; पुडीत रंग मिसळलेला असू शकतो. टॉवेलावर पडलेला हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो, त्यानं घाबरू नका. हळद क्षाराशी लाल होते हा तिचा स्वभाव आहे, हळदीचं कुंकूही त्यावरच होतं. करमाळा तालुक्यातल्या केमला पिढ्यान्‌पिढ्या हेच काम चालतं.

यानं मुलगी गोरी होईल का?

हा प्रश्न मला मुलीच्या आया विचारतात, कधी कधी मुलगी समोर उभी असताना. उटण्यानं मळ निघतो, तेलानं कोरडेपणा जातो, त्वचा नितळ दिसते. रंग बदलत नाही, आणि बदलायची गरजही नाही. आपल्या उन्हात सावळी त्वचा हे मोठं संरक्षण आहे. त्या मुलीला हे ऐकू येत असतं, एवढं लक्षात ठेवा.

दुसरं, जास्त गंभीर. गोरं होण्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या ट्यूबमध्ये बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. आधी चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ होते, लाल होते, पुरळ येतं, आणि ट्यूब थांबवली की सगळं उसळतं. त्या चेहऱ्याला माझं उटणं लावायचं नाही. त्वचारोगतज्ज्ञांकडे जायचं आणि ट्यूब सोबत न्यायची.

लहान बाळाला चालेल?

बाळाला नुसतं साधं तेल, हलक्या हातानं. उटणं नको, डाळीच्या पिठाचा रगडाही नको, त्याची कातडी फार नाजूक असते. सुगंधी तेलं नकोत, कापूर तर अजिबात नको. निंबोळी तेल बाळाच्या हाताला लागेल असं ठेवू नका; ते पोटात गेलं तर विषारी ठरतं. आणि डोळ्यांत काजळ घालू नका, घरचं असलं तरी.

नैसर्गिक आहे, मग ॲलर्जी कशी येईल?

बिब्बाही नैसर्गिक आहे. तो उतलेला ज्यानं पाहिला त्याला अधिक सांगायला लागत नाही. कोणतीही नवी वस्तू कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट बघा. सुगंधी तेलं घालायची हौस असेल तर चेहऱ्याच्या वस्तूत एक टक्क्यापेक्षा जास्त नको.

गड्ड्याच्या जत्रेत किंवा बचत गटाच्या स्टॉलवर विकू शकतो का?

घरात वापरायला, बहिणीला द्यायला कुणाची परवानगी लागत नाही. विकायचं म्हटलं की ते सौंदर्यप्रसाधन ठरतं, आणि त्याला १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० चे नियम लागू होतात. त्यासाठी अन्न व औषध प्रशासनाकडून उत्पादनाचा परवाना लागतो. डबीवर घटक, बॅच क्रमांक, तयार केल्याची तारीख आणि वापराची मुदत, परवाना क्रमांक हे सगळं छापावं लागतं. ज्यांच्याकडे स्वतःची जागा नाही त्यांना परवाना असलेल्या कारखान्याची जागा आणि यंत्रं वापरून माल करण्यासाठीही वेगळा परवाना मिळतो. बचत गटांनी तो रस्ता जरूर विचारात घ्यावा. आणि ‘मुरूम बरे होतात’, ‘इसब जातो’ असं डबीवर लिहू नका. तो औषधाचा दावा होतो, त्याचे नियम आणखी कडक.

सामान कुठे मिळेल?

मंगळवार पेठ, मधला मारुती या जुन्या बाजारात काष्ठौषधीची दुकानं शोधा. नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी अख्खी मागा, पूड नको. वाळा नाकाजवळ नेला की ओल्या मातीचा वास यायला हवा. येत नसेल तर तो फार दिवस पडून आहे.

गेल्या वर्षीचं उटणं या दिवाळीला चालेल?

डबा उघडून हात घाला. पूड मोकळी असेल, गुठळी किंवा जाळी नसेल, वास ताजा असेल तर चालेल. पावसाळ्यात डबा पत्र्याच्या कपाटात भिंतीला चिकटून होता का, तेही आठवा. तिथे ओल धरते. शंका आली तर तुळशीच्या कुंडीत टाका आणि नवं दळा. डाळ भिजवायची नाही, फक्त पुसून घ्यायची, तासाभराचं तर काम आहे.